ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगमधील तेलगळती : निदान व दुरुस्ती

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हे गाव आहे. श्रीनृसिंहाच्या मंदिरामुळे ते दूरवर परिचित आहे. सभोवतालचे शिवार काळ्या, चिकण मातीचे असून त्यात कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व हरभरा ही पिके घेतली जातात. ही माती ओली असता चाकांना चिकटते आणि वाळली असता तिची ढेकळे दगडासारखी कठीण होतात. अशा जमिनीत पूर्वी बैलजोडीने होणारी नांगरट, पाळी व पेरणी आज बहुतांशी ट्रॅक्टरने होते. माल बाजारात नेण्याचे कामही ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्याकडेच आलेले आहे. जड जमिनीत धुऱ्यावर वारंवार वळण घेताना चालकाच्या दंडांवर पडणारा ताण पॉवर स्टिअरिंगमुळे कमी झाला, ही गोष्ट निःसंशय लाभाची आहे. परंतु प्रत्येक सोयीबरोबर एक जबाबदारी येते. ज्या तेलाच्या बळावर ही सोय उभी आहे, त्या तेलाची राखण करणे ही ती जबाबदारी होय.

समजा, एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरखाली रोज सकाळी तेलाचा डाग दिसतो. तो टाकीचे झाकण उघडतो, पेलाभर तेल ओततो आणि कामाला लागतो. असे दोन महिने चालते. पेलाभराचे दोन पेले होतात, तरीही त्याची समजूत अशी असते की, तेल घातले म्हणजे काम भागले. पुढे एके दिवशी भरलेली ट्रॉली घेऊन उतारावरून जात असताना स्टिअरिंग एकाएकी जड होते, किंवा हातातील चाक नुसतेच फिरत राहते. रस्त्यावर समोरून माणसे येत असतात. अशा क्षणी पेलाभर तेलाची काटकसर किती महाग पडेल, याचा हिशेब करता येत नाही. तेल ओतणे ही दुरुस्ती नव्हे, हे तत्त्व प्रथम मनावर ठसविणे आवश्यक आहे.

पॉवर स्टिअरिंगचे कार्य

बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. पॉवर स्टिअरिंग याच नियमावर चालते. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये मोटारगाडीवर अशा स्टिअरिंगचे प्रात्यक्षिक दाखविले आणि १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल गाडीत ते विक्रीसाठी आणले. पुढे ट्रॅक्टरांतही त्याचा प्रसार झाला.

ट्रॅक्टरमधील या रचनेचे मुख्य भाग पाच आहेत. तेलाची टाकी, इंजिनावर चालणारा पंप, स्टिअरिंगच्या दांड्याखालील युनिट, पुढच्या आसावरील सिलिंडर आणि या सर्वांस जोडणारे होस पाईप. मेकॅनिक लोक या युनिटास 'ऑर्बिट्रॉल' असे म्हणतात. पंप टाकीतून तेल ओढतो व युनिटकडे पाठवितो. चाक सरळ असता तेल युनिटमधून जवळजवळ मोकळेपणी परत फिरते, म्हणून दाब अल्प असतो. चाक डावीकडे वळविले की युनिट ते तेल सिलिंडरच्या एका बाजूस सोडते. उजवीकडे वळविले की दुसऱ्या बाजूस सोडते. त्या वेळी दाब झपाट्याने वाढतो. अनेक ट्रॅक्टरांत तो दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅमच्या घरात किंवा त्याहूनही अधिक जातो. दट्ट्याचे उपयुक्त क्षेत्रफळ १५ चौरस सेंटिमीटर धरले, तर १०० किलोग्रॅम दाबाने १,५०० किलोग्रॅमचा जोर निर्माण होतो. कठीण ढेकळांतही पुढची चाके एका हाताने वळतात, त्याचे कारण हे आहे.

ट्रॅक्टरांत दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात स्टिअरिंगच्या दांड्यापासून पुढच्या चाकांपर्यंत लोखंडी दांड्यांची जोडणी असते आणि तेल केवळ मदत करते. तेल गेले तर स्टिअरिंग जड होते, परंतु चाके वळतात. दुसऱ्या प्रकारात अशी जोडणी मुळीच नसते, फक्त होस पाईप असतात. इंजिन बंद पडले तरी हाताच्या जोराने युनिटमधील तेल सिलिंडरकडे ढकलले जाते व चाके कष्टाने का होईना वळतात. पण तेलच उरले नाही, तर हात फिरत राहतो आणि चाके वळत नाहीत. प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने आपला ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा आहे, हे स्टिअरिंगच्या दांड्यापासून पुढच्या आसापर्यंत स्वतः पाहून ठरवावे.

गळतीचे प्रमाण

थेंबथेंब गळतीस लोक क्षुल्लक मानतात. एक मिलिलिटर तेलाचे सुमारे २० थेंब होतात असे धरले, तर सेकंदास एक थेंब या वेगाने ८ तासांच्या कामात सुमारे दीड लिटर तेल जमिनीत जाते. ज्या ट्रॅक्टरांत स्टिअरिंगची टाकी निराळी व लहान असते, तेथे एवढी घट झाल्यास पंप हवा ओढू लागतो. हवा ओढणारा पंप कोरडा घासतो व लवकर निकामी होतो. म्हणजे अल्प किमतीच्या सीलसाठी कित्येक पट किमतीच्या पंपावर पाणी सोडावे लागते. काही ट्रॅक्टरांत स्टिअरिंग, हायड्रॉलिक व गिअर यांचे तेल एकच असते. तेथे साठा मोठा असल्यामुळे गळती उशिरा ध्यानात येते, इतकाच भेद आहे.

निदानापूर्वीची दक्षता

१. ट्रॅक्टर सपाट व कठीण जागी उभा करावा. ट्रॉली किंवा अवजार सोडावे. हँडब्रेक लावून मागच्या चाकांस दोन्हीकडून लाकडी ठोकळे द्यावेत.

२. कोणताही जोड सैल करण्यापूर्वी इंजिन बंद करून स्टिअरिंगचे चाक दोन्ही दिशांना चार-सहा वेळा फिरवावे. त्यामुळे नळ्यांत कोंडलेला दाब उतरतो. तेल तापलेले असल्यास निवू द्यावे.

३. पुढचा भाग जॅकवर उचलल्यास आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे रचावेत. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये.

४. इंजिन चालू असता हाताने गळती चाचपू नये. ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. होस पाईपास सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले असता त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांस दिसतही नाही, परंतु ती कातडी भेदून आत शिरते. बाहेर लहानसा ठिपका दिसतो आणि आरंभी वेदनाही विशेष होत नाहीत. आत गेलेले तेल मात्र मांसाचा नाश करीत राहते. विलंब झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे घडल्यास घरगुती मलमपट्टीवर न थांबता रुग्णास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि 'दाबाचे तेल कातडीत शिरले आहे' हे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. गळती तपासण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा किंवा लाकडी फळी लांबून धरावी.

गळणारे तेल कोणते?

ट्रॅक्टरखाली पडलेले प्रत्येक तेल स्टिअरिंगचे नसते. म्हणून रात्री ट्रॅक्टरखाली कोरा पुठ्ठा अंथरावा व सकाळी त्यावरील डाग पाहावा. इंजिनाचे तेल वापराने काळे पडलेले असते. डिझेल पातळ असते व त्याचा वास ताबडतोब ओळखू येतो. रेडिएटरचे पाणी बोटास तेलकट लागत नाही. त्यात कूलंट असल्यास मात्र ते रंगीत व किंचित बुळबुळीत लागते. चारही चाके चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसातही तेल असते. चाकाच्या आतील बाजूस ते पाझरत असेल, तर दोष स्टिअरिंगचा नसून आसाच्या सीलचा असतो. स्टिअरिंगच्या टाकीतील तेल डिपस्टिकने किंवा स्वच्छ काडीने काढून पुठ्ठ्यावर डागाशेजारी टेकवावे. रंग, वास व चिकटपणा जुळला, तर शोधाची दिशा निश्चित होते.

उगम शोधण्याची रीत

तेल जेथून गळते तेथे टपकत नाही. ते नळीवरून ओघळते, आसावर पसरते, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते आणि अखेरीस भलत्याच जागी टपकते. टपकण्याची जागा पाहून सुटा भाग बदलणे, हे चुकीच्या दुरुस्तीचे प्रमुख कारण होय. यासाठी पुढील क्रम पाळावा.

प्रथम टाकी, पंप, युनिट, होस पाईप, सिलिंडर व सर्व जोड ब्रशने व थोड्या डिझेलने धुऊन काढावेत. धुताना इंजिन बंद व थंड असावे, आणि विडी किंवा काडी जवळ नसावी. तेलात कालवलेल्या काळ्या मातीचा थर जाईपर्यंत निदान होणे शक्य नाही. नंतर सर्व भाग कोरड्या फडक्याने पुसावेत व थोडा वेळ सुकू द्यावेत. संशय असलेल्या जोडांवर खडूची पूड भुरभुरावी. ओल आलेल्या ठिकाणी ही पूड लगेच काळवंडते. टाकीतील तेल खुणेपर्यंत भरून घ्यावे.

यानंतर एका जाणत्या चालकाने इंजिन मंद गतीने चालू करून स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. टोकाला चाक पाच सेकंदांहून अधिक काळ दाबून धरू नये, कारण त्या वेळी संपूर्ण दाब उभा राहतो व तेल तापते. दुसऱ्या व्यक्तीने बाजूस उभे राहून लांबून निरीक्षण करावे. पुढच्या चाकांच्या वळण्याच्या कक्षेत कोणीही उभे राहू नये. इंजिन बंद केल्यावर ओल्या खुणा वरून खाली तपासाव्यात. जी ओली जागा सर्वांत उंचावर आहे, तोच बहुधा गळतीचा उगम असतो.

लक्षणांवरून स्थान

ट्रॅक्टर उभा असतानाच थेंब पडत असतील, तर दोष बहुधा टाकीत, टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत किंवा परतीच्या नळीत असतो. या नळ्यांत दाब नसतो. क्लिप सैल होणे, रबर फाटणे किंवा टाकीच्या सांध्यास चीर जाणे ही त्याची कारणे होत.

दोन्ही दिशांना वळविताना गळती वाढत असेल, तर पंप व युनिट यांमधील दाबाची नळी, तिचे जोड किंवा पंप तपासावा.

एकाच दिशेस वळविताना गळती होत असेल, तर युनिटकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी त्या बाजूची नळी किंवा सिलिंडरचे त्या बाजूचे सील दोषी समजावे. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर तेलाची कडी दिसल्यास संशय उरत नाही.

चालकाच्या पायाजवळ, स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी तेल दिसत असेल, तर युनिटचे वरचे सील झिजलेले असते.

तेल टाकीच्या झाकणातून उतू जात असेल, तर ते जास्त भरले आहे काय, झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे काय, आणि तेलास फेस येतो काय, हे पाहावे. फेस येणे म्हणजे पंप कोठून तरी हवा ओढीत आहे. अशा वेळी पंपाचा घरघर आवाज येतो व तेल दुधाळ दिसते. ही हवा बहुधा टाकी व पंप यांमधील सैल क्लिपमधून शिरते. इंजिन चालू असता तेथून तेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून हा दोष नजरेतून सुटतो.

बाहेर कोठेही ओल नाही आणि तरीही टाकीतील तेल घटते, अशी स्थिती फसवी असते. पंप इंजिनाच्या दातेरी चाकांवर चालत असेल, तर त्याच्या दांड्याचे सील फाटल्यावर तेल इंजिनात उतरते. इंजिनाच्या डिपस्टिकवरील पातळी पाहावी. ती न भरता वाढलेली आढळल्यास ट्रॅक्टर चालवू नये. डिझेल उतरल्यानेही ही पातळी वाढते, परंतु तेव्हा तेल पातळ होते व डिझेलचा वास येतो. दोहोंपैकी काहीही असले तरी इंजिनाचे तेल बदलणे अपरिहार्य ठरते.

तेल घटत नाही, पण चाक टोकाला नेल्यावरही हळूहळू फिरत राहते किंवा ट्रॅक्टर सरळ रेषा सोडतो, तर ती बाहेरची गळती नव्हे. सिलिंडरच्या आतील सील किंवा युनिट झिजल्याचे ते चिन्ह आहे.

दुरुस्ती

ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असल्यास कोणताही भाग न उघडता अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे जावे. मुदत संपली असल्यास पुढील कामे गावात होऊ शकतात.

क्लिप व जोड : सैल क्लिप घट्ट करावी. तिच्याखालील रबर कापले असल्यास नळीच बदलावी. लोखंडी जोड आवळताना दोन पाने वापरावेत. एकाने नळीचे टोक स्थिर धरावे व दुसऱ्याने नट आवळावा, अन्यथा नळीस पीळ बसतो. एकदा आवळूनही पाझर थांबला नाही, तर अधिक जोर करू नये. जोराने आटे बिघडतात. जोड उघडून आतील बसणी पाहावी. नळाच्या कामाची पांढरी टेप येथे गुंडाळू नये. तिचे तुकडे युनिटमध्ये अडकतात.

तांब्याचे वायसर : बँजो बोल्टाच्या दोन्ही बाजूंस तांब्याचे वायसर असतात. वापराने ते कठीण होतात व पाझर धरतात. नवे वायसर बसविणे उत्तम. नवे मिळेपर्यंत जुना वायसर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकल्यास तांबे पुन्हा मऊ पडते. वरील काळी खपली बारीक पॉलिश कागदाने काढून तो बसवावा.

ओ-रिंग : जुन्या रिंगच्या मापाचीच, तेलास टिकणाऱ्या रबराची रिंग घ्यावी. बसविण्यापूर्वी तिला स्वच्छ तेल लावावे. खोबणीतून जुनी रिंग काढताना स्क्रू-ड्रायव्हरने खोबणी खरचटू देऊ नये.

होस पाईप : दाबाच्या नळीवर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळणे हा प्रकार सर्वथा वर्ज्य आहे. पुढच्या टायरात दोन-अडीच किलोग्रॅम हवा असते. येथे त्याच्या ४०-५० पट दाब असतो, हे ध्यानात घ्यावे. नवी नळी त्याच दाबाची, त्याच लांबीची व त्याच टोकांची असावी. बसविताना तिला पीळ बसू नये, ती गरम सायलेन्सरला किंवा हलत्या भागास घासू नये, आणि चाके दोन्ही टोकांना नेली असता ताणली जाऊ नये. टाकी व पंप यांमधील ओढ-नळी बदलतानाही साधी पाण्याची नळी वापरू नये. ती तेलाने फुगते व आतून सोलवटते.

सिलिंडरचे सील : सील बदलण्यापूर्वी दांडा नखाने तपासावा. नख अडकेल अशी चरा किंवा गंजाचा खड्डा असल्यास नवे सील काही दिवसांतच कापले जाते. अशा वेळी दांड्याचीही दुरुस्ती किंवा बदल करावा लागतो. सीलची कड कोणत्या दिशेस आहे, हे जुने काढतानाच टिपून ठेवावे. काम स्वच्छ फळीवर, वाऱ्याची धूळ न येईल अशा जागी करावे.

पंप व युनिट : पंपाच्या दांड्याचे सील व युनिट यांची उकल शिकलेल्या मेकॅनिककडूनच करवावी. युनिटमधील दातेरी भाग ठरावीक खुणांवर बसलेले असतात. खुणा चुकल्यास इंजिन सुरू करताच स्टिअरिंग आपोआप फिरू लागते. त्यात चालकाचे मनगट मोडण्याचा व ट्रॅक्टर अनावर होण्याचा धोका आहे. कोणते काम स्वतः करावे व कोणते करू नये, हे ओळखणे हाही दुरुस्तीच्या ज्ञानाचाच भाग आहे.

तेल भरणे व हवा काढणे

निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल भरावे. दोन जातींची तेले मिसळू नयेत. ब्रेक ऑईल तर कधीही घालू नये. ते निराळ्या जातीचे असून स्टिअरिंगची रबरी सीले त्याने फुगतात व नासतात. फनेल व डबा स्वच्छ असावा, कारण एका चिमूटभर मातीने युनिटवर चरे पडतात. फिल्टरही याच वेळी पाहावा.

दुरुस्तीनंतर नळ्यांत हवा राहते. पुढचा आस ठोकळ्यांवर उचलून, टाकी भरून, इंजिन मंद गतीने चालवावे आणि चाक सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवावे. टोकाला थांबू नये. मधूनमधून तेल पाहून भरावे. बुडबुडे व घरघर थांबली म्हणजे हवा निघाली असे समजावे. त्यानंतर ट्रॅक्टर खाली घेऊन मोकळ्या शेतात, ट्रॉलीविना चालवून पाहावा. सर्व जोड पुन्हा पुसून अर्ध्या तासाने तपासावेत. पुढील तीन दिवस सकाळी पातळी पाहावी. ती स्थिर राहिली, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे मानावे व भरलेली ट्रॉली रस्त्यावर न्यावी.

गळती होऊ नये म्हणून

काळ्या मातीत काम करणाऱ्या ट्रॅक्टरला काही विशेष जपणूक लागते. सिलिंडरच्या दांड्यावर ओला चिखल वाळला, की दांडा आत जाताना तो कानशीसारखा सीलला घासतो. म्हणून चिखलातील कामानंतर दांडा ओल्या फडक्याने पुसावा. कापसाच्या उभ्या पऱ्हाटीतून ट्रॅक्टर नेल्यास तिचे खुंट आसाजवळील नळ्यांत अडकतात. असे काम झाल्यावर नळ्या पाहाव्यात. गोठ्यात किंवा कोठाराजवळ उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या नळ्या उंदीर कुरतडतात, याचाही विसर पडू नये. ट्रॅक्टर जागेवर उभा असताना कठीण ढेकळांत चाके वळवू नयेत. तो किंचित चालू लागल्यावर वळवावीत. त्यामुळे दाब व टायरांची झीज दोन्ही कमी होतात.

या तपासणीस योग्य काळ उन्हाळ्याचा होय. मृगाच्या आधी, चैत्र-वैशाखात काम थोडे असते व सुटे भाग आणण्यास सवड मिळते. सोयाबीनच्या पेरणीस ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वाफसा यावा लागतो, आणि भारी जमिनीत हा वाफसा थोडेच दिवस टिकतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजात पडून राहिला, तर गेलेला वाफसा कोणत्याही पैशाने परत येत नाही.

काढलेले जुने तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय भाषणाने शिकविण्याजोगा नाही. पेरणीपूर्वी गावात एक दिवस ठरवून, गळती असलेला एक ट्रॅक्टर मोकळ्या जागी आणावा. दहा-बारा चालक व मालक जमवावेत. तरुण चालकांस अवश्य बोलवावे, कारण रस्त्यावर ट्रॅक्टर बहुधा तेच चालवितात. प्रथम धुण्यापूर्वी गळती कोठून आहे, हे प्रत्येकास विचारावे व उत्तरे फळ्यावर लिहावीत. मग ट्रॅक्टर धुऊन, खडूची पूड टाकून वरील रीतीने उगम शोधावा. धुण्यापूर्वीची उत्तरे व नंतरचा उगम यांत अंतर पडल्यास ते सर्वांच्या डोळ्यांसमोर येते. हा अनुभव शंभर सूचनांहून अधिक शिकवितो. अवघड प्रश्न उद्भवल्यास परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयातील तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल.

प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने एक लहान वही ठेवावी, असाही आग्रह धरावा. तीत तारीख, तासमापकाचा आकडा व घातलेल्या तेलाचे माप लिहावे. एका आठवड्यात दोनदा तेल घालावे लागले, तर वहीच सांगेल की आता ओतणे थांबवून शोधणे सुरू करावे.

सारांश

डाग दिसताच तेल ओळखावे. भाग धुऊन सर्वांत उंचावरील ओली जागा शोधावी. गळती उभ्या स्थितीत होते, दोन्ही वळणांवर होते की एकाच वळणावर होते, यावरून स्थान ठरवावे. हाताने चाचपू नये, दाबाची नळी बांधून चालवू नये, आणि युनिट स्वतः उघडू नये. हवा काढून शेतात चाचणी घेतल्याखेरीज रस्त्यावर जाऊ नये. स्टिअरिंग वाटेत जड झाले, तर त्याच क्षणी वेग कमी करून ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेस थांबवावा आणि पुढे नेण्याचा मोह टाळावा.

बैलगाडी हाकणारा शेतकरी घरून निघण्यापूर्वी जू, साट्या व कासरे चाचपून पाहत असे, कारण वाटेत कासरा तुटला तर गाडी कोणाच्या हाती राहत नाही, हे त्याला ठाऊक होते. ट्रॅक्टरचा कासरा टाकीतील तेल हा आहे. निघण्यापूर्वी तो पाहण्याची जुनी सवय नव्या यंत्रालाही लावून घ्यावी.